संगीताच्या तासाला जात कुठून शिरते आणि तिला बाहेर कशी काढायची

'संगीताला जात नसते' असं म्हणणारे लोक बहुतेक वेळा मैफलीत पुढच्या रांगेत बसलेले असतात. मी मिरजेची. शाळेत संगीत शिकवते, संध्याकाळी घरी क्लास घेते. माहेर गुरवांचं, आजोबा देवळात सनई वाजवायचे. सनईला देवळाच्या आत जागा होती, हलगीला बाहेर. पालखी निघाली की दोन्ही वाद्यं एकाच लयीत चालायची आणि पालखी परतली की आपापल्या जागी जायची. तेव्हा जात नसते वगैरे मला कुणी समजावू नये. असते, आणि आपल्या वर्गातही येते. आपण तिला आत कसं घेतो आणि काय केलं की ती कमी होते, एवढंच इथे लिहितेय. शाळेत किंवा खासगी क्लासमध्ये शिकवणाऱ्यांसाठी.

बऱ्याच शाळांचा समज असा की स्नेहसंमेलनात एक पोवाडा, एक भीमगीत घातलं की काम झालं. माझं म्हणणं उलट आहे. गाण्यांची यादी नंतर बदला. आधी आपण कोणाला, कशासाठी आणि कोणत्या शब्दांत थांबवतो ते बदला. कारण पोराला आपली जात वर्गात कळते ती बहुतेक दुरुस्तीच्या वेळी.

'पाणी' म्हण, 'पानी' नको

मराठी संगीतशिक्षकाचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे उच्चार सुधारणं. ण आणि न, ळ आणि ल, श आणि स. एक पोरगं 'पानी' म्हणतं, बाई पेटी थांबवतात, चाळीस जण वळून बघतात. पुढच्या वेळी ते पोरगं नुसते ओठ हलवतं. वर्षअखेरीला बाई म्हणतात, 'याला गाण्यात रस नाही.'

उच्चार शिकवूच नयेत असं माझं म्हणणं नाही. ण हा गाताना महत्त्वाचा वर्ण आहे, जीभ मागे वळते तिथे सुराचा रंग बदलतो. पण तो सगळ्यांना एकदम शिकवा. आकार, म्हणजे 'आ' म्हणत सूर लावून झाला की पाच मिनिटं अख्ख्या वर्गाकडून 'कोणी, वाणी, लोणी' एकाच सुरावर, विलंबित लयीत. जिभेचं टोक टाळूला कुठे लागतं ते हाताने दाखवा. यात कोण चुकतंय हे फक्त तुम्हाला ऐकू येतं. तुम्ही त्याच्या जवळून चालत जा, तोंडाने म्हणून दाखवा, पुढे जा. नाव घ्यायचं नाही.

आणि दुरुस्ती दोन्ही दिशांना करा. बहिणाबाई चौधरींची कविता चाल लावून शिकवताना आपण ती 'शुद्ध' करत नाही, लेवा गणबोलीतच ठेवतो, कारण बदलली तर कविता मोडते. तोच न्याय जात्यावरच्या ओव्यांना आणि आपल्या भागातल्या लोकगीतांना लावा. ओवीत 'व्हता' असेल तर 'होता' गाणाऱ्या पोराला थांबवा आणि सांगा, 'इथे व्हता आहे, नीट ऐक.' वर्गातल्या ज्या पोरांना कधीच कोणी उच्चारावरून टोकलेलं नसतं, त्यांना तो अनुभव एकदा जरूर द्या. माझ्या वर्गात यासारखा परिणाम दुसऱ्या कशाचाच झाला नाही. आठवीच्या पोरींना ओवीचा हेल जमेना तेव्हा त्या आपणहून मागच्या बाकावरच्या मुलीकडे वळल्या, आणि ती पहिल्यांदा मोठ्याने गायली.

'गोड आवाज' हा निकष काढून टाका

आवाजाबद्दल आपण जे शब्द वापरतो ते एकदा कागदावर लिहून बघा. गोड, नाजूक, सात्त्विक. दुसरीकडे भसाडा, रांगडा, रानटी, 'तमाशातला'. हे शब्द सुराबद्दल काहीच सांगत नाहीत. कोण कुठल्या घरातून आलंय याचा अंदाज तेवढा त्यांतून बाहेर पडतो.

गोड म्हणून जो आवाज आपल्या कानात बसलाय तो पुष्कळसा भावगीताचा आहे, आणि भावगीत ध्वनिमुद्रिका, रेडिओ आणि मायक्रोफोनच्या सोबतीने वाढलं. ओठाशी कुजबुजल्यासारखं गायचं तर पुढे माईक लागतो. शाहीर उघड्या मैदानात, माईक नसताना, शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा. त्याला छातीतून, मोकळ्या घशाने आवाज फेकावाच लागतो. ही जागेची आणि कामाची गरज आहे. हे पोरांना करून दाखवता येतं: वर्ग मैदानात न्या, एकाला शंभर पावलांवर उभा करा आणि आधी भावगीताची, मग पोवाड्याची ओळ गायला लावा. कुठल्या ओळीचे शब्द ऐकू आले ते तोच सांगेल.

गुण देताना मी चारच गोष्टी बघते: सूर, लय, शब्दफेक, पाठांतर. प्रत्येक गाणं त्याच्या प्रकारच्या आवाजात गायलंय का हे शब्दफेकीत येतं. पोवाडा मऊ आवाजात गायला तर तिथे गुण कमी, मग तो कितीही गोड लागो.

पट्टीचंही तसंच. पेटीवर हात बसलेला असतो म्हणून आपण सगळा वर्ग काळी चारमध्ये ढकलतो. आठवी-नववीच्या मुलांचा गळा फुटत असतो, ती वरच्या षड्जाला पोचत नाहीत, आणि आपण त्यांना 'बेसूर' म्हणून मोकळे होतो. त्यांना खालच्या पट्टीत, काळी एकमध्ये गाऊ द्या. हा जातीचा मुद्दा नाही असं वाटेल. पण बेसूर ठरलेलं पोरगं टिकतं की गळतं हे ज्याच्या घरी खासगी शिकवणीचे पैसे आहेत आणि ज्याच्या घरी नाहीत यावर ठरतं, आणि ते पैसे कोणाच्या घरी जास्त असतात हे आपल्याला माहीत असतं.

कौतुकातली जात

'तुमच्यात तर गाणं रक्तातच असतं.' हे वाक्य मी स्वतः गुरवाची म्हणून लहानपणी भरपूर ऐकलंय. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्यात माझा रियाज गायब होतो. वर्गातला एखादा मुलगा रोज बाकावर बोटं झिजवत असतो आणि आपण श्रेय त्याच्या आडनावाला देतो. उलट अर्थही तिथेच असतो: म्हणजे तो गणितात हुशार निघाला तर आपल्याला नवल वाटणार. कौतुक करायचं तर केलेल्या कामाचं करा. 'तिसऱ्या ओळीत लय पळाली नाही', इतकं नेमकं.

आडनाव ऐकून कामं वाटायची सवयही तपासा. अभंगाला ठराविक मुली पुढे, हलगी वाजवायला ठराविक मुलगा, कोरसात मागे ठराविक रांग. मी एक साधी वही ठेवते. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे वर्षभरात काय मिळालं ते लिहायचं: एकल ओळ, पेटी, ताल, निवेदन, परिपाठाची प्रार्थना. दिवाळीच्या सुट्टीआधी वही उघडली की चित्र आपोआप दिसतं, कोणाला काही सांगावं लागत नाही. मग सहामाहीनंतर रिकाम्या रकान्यांपासून सुरुवात.

हलगी वर्गात आणताना

हा भाग जरा लांबवते, कारण चांगल्या मनाने सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

कुठल्याही पोराला 'तुमच्या घरी हलगी असेल ना, घेऊन ये' असं म्हणू नका. एक तर अंदाज चुकू शकतो. आणि बरोबर असला तरी तुम्ही त्याची जात भर वर्गात जाहीर केलीत. शिवाय अनेक घरांनी हलगी ठरवून सोडली आहे. बाबासाहेबांनी गावकीची हीन मानली गेलेली कामं टाकायला सांगितलं, महाडला १९२७ साली त्यांनी हे जाहीरपणे मांडलं. पुढे कित्येक कुटुंबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं तसं दारोदार, लग्नामिरवणुकीत वाजवणंही सोडलं. त्या घरातल्या आजोबांना नातवाच्या गळ्यात हलगी बघून आनंदच होईल असं गृहीत धरू नका. दुसऱ्या एखाद्या घरात हलगीवर पोट चालतं आणि अभिमानही आहे. दोन्ही घरं बरोबर आहेत. तुमचं काम एवढंच की वाद्य वर्गात सगळ्यांसाठी असावं आणि जन्मावरून ते कोणाच्याही अंगावर पडू नये.

म्हणून वाद्य शाळेने विकत घ्यावं. आता फायबरचं पान असलेली, नटबोल्टने ताणायची हलगी मिळते, ती शेकावी लागत नाही. वर्गाला ती सोयीची. पण एकदा तरी चामड्याची हलगी शेकून दाखवा, ताप लागला की सूर कसा चढतो ते कानांनी ऐकू द्या. तालवाद्याचं विज्ञान यापेक्षा सोपं करून कुठे मिळणार?

शिकवायला वादक बोलवा. बोलवताना तीन गोष्टी पाळा. त्यांना स्नेहसंमेलनाच्या मिरवणुकीसाठी बोलवू नका, तासाला बोलवा, शिक्षक म्हणून. खुर्ची, चहा, फळ्यावर पूर्ण नाव, मुलांनी 'सर' म्हणायचं. मानधन शास्त्रीय गायकाला देता तितकंच, आणि ते निघण्याआधी हातात. शाळांची बिलं तीन-तीन महिने फिरतात. रोजावर जगणाऱ्या माणसाला त्याचा किती त्रास होतो हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा.

त्यांचे बोल त्यांच्याच तोंडून घ्या. आपल्याला सवय असते की कुठलाही ठेका दिसला की 'धा धिं धिं धा'त बसवायचा. थांबा जरा. एका हातात टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, म्हणजे नादच मुळात वेगळे निघतात. वादक तोंडाने जे म्हणतो ते आधी वर्गाने म्हणावं, मग टाळीवर, मग बाकावर, शेवटी वाद्यावर. लिहून घ्यायचं तर त्यांच्याच अक्षरांत.

कोणी म्हणेल, हे काही गंभीर वाद्य नाही. त्यांना पेटीची गोष्ट सांगा. आज जी पेटी घेऊन आपण प्रतिष्ठेने बसतो, ती आकाशवाणीवर १९४० पासून तीसेक वर्षं वर्ज्य होती. परदेशी, श्रुती म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा न देणारी, अशी कारणं होती. नियम माणसांनी केला, माणसांनी उठवला. कुठलं वाद्य वर्गात बसेल हेही माणसंच ठरवतात.

तबला कोणी मढवला

तबल्याच्या पहिल्या तासाला आपण बोल, हात कसा ठेवायचा हे सांगतो. तोंडावरची पुडी शेळीच्या कातड्याची, ती ताणणारी वादी जाड कातड्याची, मधल्या काळ्या शाईत लोहचूर्ण आणि भाताची खळ, हे सांगत नाही. कातडं कमावणाऱ्याला गावाने बाहेर ठेवलं आणि त्याच कातड्यावरचा नाद गाभाऱ्यापर्यंत गेला. ही गोष्ट सहावीच्या पोरांना दोन वाक्यांत कळते, भाषण लागत नाही. तबला मढवणाऱ्या कारागिराकडे एक सहल न्या. शाई घोटताना तासभर बघितलेलं पोरगं पुढे कधी तबल्यावर पाय ठेवत नाही.

मिरजेत हे मला सोपं जातं. तंतुवाद्यांची गल्ली हाकेवर आहे. इथली शिकलगार मंडळी मूळची हत्यारांना धार लावणारी, एकोणिसाव्या शतकात ती तंबोरे-सतारी घडवू लागली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्यावर बोट ठेवताना मुलांना वादकाच्या नावाबरोबर कारागिराचं नावही माहीत असावं, असा माझा हट्ट असतो.

तोंडी परीक्षेच्या नोट्स

परीक्षेसाठी कलाकारांची चरित्रं पाठ करून घेतो ना, तिथे बरंच काही गाळलेलं असतं. केसरबाई केरकर, जन्म १८९२, गोव्यातलं केरी, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांच्या तबकडीवर त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, हे पोरांना फार आवडतं. पण 'संगीताची परंपरा असलेल्या घरात जन्म' यावर नोट्स थांबतात. खरं सांगावं: देवळाशी आणि मैफलीशी बांधलेल्या कलावंत समाजातल्या बायकांनाच तेव्हा गाणं शिकायची मुभा होती, आणि त्याच गाण्यासाठी त्यांना नावं ठेवली जात. स्वातंत्र्याच्या सुमारास सरदार पटेल नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, ज्यांचं खासगी आयुष्य बदनाम समजलं जाई अशा गायिकांना आकाशवाणीवर बंदी घातली गेली. मोगूबाई कुर्डीकरही याच कलावंत समाजातल्या. त्यांनी हे सगळं पचवून गाणं पुढे नेलं म्हणून त्यांच्या लेकीपर्यंत, किशोरीताई आमोणकरांपर्यंत ते पोचलं.

मुसलमान उस्तादांचंही असंच होतं. भास्करबुवा बखले कोणाकडे शिकले, सवाई गंधर्व कोणाकडे, ही नावं लिहायची: फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ, अब्दुल करीम खाँ. 'थोर गुरूंकडे शिक्षण घेतले' चालणार नाही. अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय होता, हेही एका ओळीत.

नोट्समध्ये पाच नावं वाढवा. भीमगीतं लिहिणारे-गाणारे वामनदादा कर्डक (१९२२–२००४), सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. लेखक-शाहीर अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९), आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. तमाशा गाजवणाऱ्या विठाबाई नारायणगावकर. लावणी लिहिणारे शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या तमाशातली पवळा. पवळेचं नाव बापूरावांच्या शेपटाला न लावता तिची स्वतंत्र ओळ करा.

आता गाण्यांची यादी

भीमगीत एप्रिलमध्येच का? नोव्हेंबरात शिकवा, एरवीच्या तासाला, गाणं म्हणून. ध्रुवपद कसं परत येतं, कोरस कुठे उचलतो, ढोलकीचा ठेका कुठे बदलतो ते बघा. पोवाड्यात झीलकऱ्यांचं, म्हणजे मागून सूर धरून साथ देणाऱ्यांचं काम अवघड असतं, ते सगळ्यांना आळीपाळीने द्या. अण्णाभाऊंची छक्कड (तमाशातला एक गीतप्रकार) शिकवाल तर संयुक्त महाराष्ट्राचा संदर्भ दोन मिनिटांत द्या आणि गायला लागा.

चोखोबांचा 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' पुष्कळ शाळांत गातात. 'रूपावर जाऊ नये' असा अर्थ सांगून पुढे जातात. चोखोबांना देवळात जाऊ दिलं नव्हतं, त्यांची समाधी पायरीशी आहे, आणि पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडलं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. एवढं सांगून मग 'काय भुललासी वरलिया रंगा' म्हणवून घ्या. शब्दांवरचा जोर आपोआप बदलतो, माझा अनुभव आहे. त्याच आठवड्यात सोयराबाईंचा 'अवघा रंग एक झाला' ऐकवा आणि लिहिणारी कोण ते सांगा. गाणाऱ्या किशोरीताईंचं नाव सगळ्यांना माहीत असतं, सोयराबाईंचं सांगावं लागतं.

घरच्या क्लासमध्ये

थोडक्यात. सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवा, पाण्याचा तांब्या-पेले एकच. देव्हारा असलेल्या खोलीत क्लास असेल तर तिथे कोणी यायचं आणि कोणी नाही असा प्रश्नच उद्भवू देऊ नका, घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगा. प्रवेशाच्या कागदावर जातीचा रकाना नको. गुरुपौर्णिमेला पाया पडणं ऐच्छिक, आणि भेटवस्तू नकोत, नाहीतर ज्याला जमत नाही ते पोरगं त्या दिवशी येतच नाही. पेटी नसलेल्यांना फोनवरचं तंबोऱ्याचं अॅप चालतं, रियाज होतो.

वर्गात कोणी बोललंच तर

'ए, ती त्यांची हलगी, तू कशाला हात लावतोस?' असं एखादं पोरगं बोलून जातं. तेव्हा गाणं थांबवा. ज्याला लागलं त्याच्याकडे बघूही नका, त्याला काही विचारू नका, त्याच्या बाजूने भाषणही नको. त्याला तेव्हा फक्त सगळ्यांच्या नजरेतून सुटायचं असतं. एकच वाक्य, आवाज न चढवता: 'या वर्गात जातीवरून कोणी बोलणार नाही, वाद्य सगळ्यांचं आहे.' मग बोललेल्या पोराच्याच हातात हलगी द्या आणि तास पुढे न्या. मधल्या सुट्टीत त्याच्याशी एकट्याने बोला. हे वाक्य त्याने कुठून तरी ऐकलेलं असतं, ते कुठून हे शांतपणे विचारा. संध्याकाळी ज्याला लागलं त्याच्याशी बोला, तेही त्याला हवं असेल तर.

परत घडलं तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा, दोन्ही घरच्या पालकांना वेगवेगळं बोलवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मुलांना मानसिक त्रास देण्यास मनाई आहे (कलम १७) आणि दुर्बल व वंचित गटांतल्या मुलांशी भेदभाव होऊ नये ही जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर आहे. हे कलम तोंडपाठ असलं की स्टाफरूममधल्या चर्चा लवकर संपतात.

पालक येऊन म्हणतात, 'बाई, गाण्यात राजकारण कशाला?' मी त्यांना वही दाखवते, त्यांच्या मुलीला वर्षभरात काय काय मिळालं ती. अभंग आहे, नाट्यगीत आहे, पोवाड्याची झील आहे, हलगीचे दोन तास आहेत. यातलं काय काढू ते त्यांनीच सांगावं. बहुतेक जण वही परत देतात आणि परीक्षेची फी कधी भरायची ते विचारतात.